फोटो ब्लॅक अँड व्हाइट करताना आकडे कसे बदलतात

तुमच्या संशोधनात फोटोवरून काही मोजायचं असेल, मग ते पानावरचे डाग असोत, पेशी असोत की दगडातले कण, तर एक पायरी हमखास येते: रंगीत फोटो ग्रेस्केल करणे. मेन्यूत एक क्लिक किंवा कोडमध्ये एक ओळ. म्हणूनच तिच्याकडे कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

माझं काम भुईमुगाच्या टिक्का रोगावर आहे. पानाचा किती टक्के भाग तपकिरी ठिपक्यांनी व्यापलाय ते मोजायचं. पहिल्या गटाचे फोटो मी इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ग्रे केले, 90 हा उंबरठा ठरवला, त्याहून उजळ ते ठिपका आणि गडद ते निरोगी पान. छान चाललं. पुढे फोटो वाढले म्हणून पायथनमध्ये ओपनसीव्ही वापरून तेच काम ऑटोमॅटिक केलं, उंबरठा तोच. दुसऱ्या गटाची पानं जवळजवळ पूर्ण रोगट निघाली! मी खूश, पावसानंतर रोग बळावला म्हणून ग्राफ काढून मॅडमना पाठवलासुद्धा. त्यांनी एवढंच विचारलं, "अगं, ती पानं डोळ्यांनी बघितलीस का?"

पानं चांगली हिरवीगार होती.

आता भानगड काय झाली ते बघा. डिजिटल फोटोच्या प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, साधारणपणे 0 ते 255. ग्रेस्केल म्हणजे या तीन आकड्यांचा एक आकडा करायचा. कसा करायचा, याचं एकच उत्तर नाही. इमेजजेमध्ये 'वेटेड आरजीबी कन्व्हर्जन्स' हा पर्याय बंद असेल तर तिन्हींची सरळ सरासरी घेतली जाते. ओपनसीव्ही मात्र लालाला 0.299, हिरव्याला 0.587 आणि निळ्याला 0.114 असं वजन देतं. सायकिट-इमेज तिसराच हिशोब करतं: 0.2125, 0.7154, 0.0721.

हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत. आपल्या डोळ्याला हिरवा प्रकाश सर्वात उजळ वाटतो आणि निळा सर्वात मंद, म्हणून हिरव्याला जास्त वजन. ओपनसीव्हीची वजनं जुन्या टीव्हीच्या मानकातली आहेत, सायकिट-इमेजची एचडी टीव्हीच्या मानकाच्या जवळची. म्हणजे दोन्ही सूत्रं चित्र डोळ्याला नैसर्गिक दिसावं म्हणून केलेली; टिक्का मोजायला नव्हे.

वही घ्या आणि स्वतः करून बघा. निरोगी पानाचा पिक्सेल धरा (60, 140, 50) आणि ठिपक्याचा (150, 100, 50). सरासरीने पान 83, ठिपका 100. फरक 17, आणि 90 चा उंबरठा बरोबर मध्ये बसतो. ओपनसीव्हीच्या वजनांनी पान 106, ठिपका 109. दोन्ही 90 च्या वर, म्हणून सगळं पान 'रोगट'. उंबरठा बदलूनही फार उपयोग नाही, कारण फरकच 3 चा उरलाय. पानाच्या शिरांमुळेही त्याहून जास्त चढउतार होतो. सायकिट-इमेजच्या वजनांनी (उत्तर 0 ते 1 मध्ये येतं, 255 ने गुणून घ्या) पान 117, ठिपका 107. म्हणजे आता ठिपकाच पानापेक्षा गडद! फोटो तोच, पान तेच.

ओपनसीव्हीत अजून एक खड्डा आहे. त्याचं इमरीड फंक्शन रंग निळा-हिरवा-लाल अशा उलट्या क्रमाने वाचतं. तुम्ही सवयीने 'आरजीबी टू ग्रे' लिहिलंत तर लालाचं वजन निळ्याला जातं आणि निळ्याचं लालाला. एरर येत नाही. चित्रही ठीकच दिसतं. वरचे पिक्सेल या चुकीने 104 आणि 91 होतात.

मग बरोबर सूत्र कोणतं? प्रश्न असा विचारूच नका. तुम्हाला ज्या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या आहेत त्या कोणत्या रंगात सर्वात वेगळ्या आहेत, ते विचारा. निरोगी पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेतं, म्हणून लाल आकडा लहान. ठिपक्यात हरितद्रव्य गेलेलं असतं, म्हणून तिथे लाल आकडा मोठा. वरच्याच पिक्सेलमध्ये फक्त लाल चॅनल घेतलं तर पान 60, ठिपका 150. फरक 90! इमेजजेमध्ये 'स्प्लिट चॅनल्स' केलं की झालं.

फिल्मवाले फोटोग्राफर हे फार आधीपासून करत होते. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने 1927 मध्ये योसेमिटीतल्या हाफ डोम कड्याचा फोटो आधी पिवळ्या फिल्टरने घेतला, मग गडद लाल फिल्टर लावून. लाल फिल्टरने निळं आकाश जवळजवळ काळं झालं आणि कडा उठून आला. फोटोशॉपचं 'ब्लॅक अँड व्हाइट' किंवा गिंपचं 'मोनो मिक्सर' यातले रंगांचे स्लायडर म्हणजे तेच फिल्टर, फक्त फोटो काढून झाल्यावर लावायचे. पण मोजमापासाठी स्लायडर प्रत्येक फोटोला वेगळा हलवू नका. ते छंदासाठी ठीक.

अजून दोन गोष्टी पटकन. मोबाइलचा ऑटो व्हाइट बॅलन्स प्रत्येक फोटोत लाल-निळ्याचं प्रमाण बदलतो, तो लॉक करा. आणि पिक्सेलचा आकडा प्रकाशाच्या थेट प्रमाणात नसतो: नेहमीच्या एसआरजीबी फोटोत 128 म्हणजे कमाल प्रकाशाच्या निम्मा नव्हे, साधारण 22 टक्के. प्रकाशाचं प्रमाण काढायचं असेल तर आधी ते सरळ करून घ्यावं लागतं.

प्रबंधाच्या पद्धती विभागात 'फोटो ग्रेस्केल केले' एवढंच लिहू नका. सॉफ्टवेअर, त्याची आवृत्ती, वजनं किंवा चॅनल आणि उंबरठा, चारही लिहा. एका ओळीत मावतं.

मी सगळे फोटो लाल चॅनलवर पुन्हा मोजले, दोन आठवडे गेले. तीन पानांचं मात्र काही करता आलं नाही. त्यांचे ग्रे फोटो मी मूळ फाइलवरच सेव्ह केले होते, आणि ग्रेवरून रंग परत काढता येत नाही. 100 हा ग्रे कितीतरी रंगांपासून होऊ शकतो. पानंही तोवर वाळून गेली होती. तक्त्यात त्या तीन ओळी रिकाम्या आहेत.