जलाची अवस्था आणि मशकोत्पत्ती

चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचे विवेचन करताना वायू, उदक, देश व काल या चार भावांची विकृती वर्णिली आहे. विकृत देशाच्या लक्षणांत मशकांचाही उल्लेख येतो. यावरून ‘जेथे घाण पाणी, तेथे डास’ अशी समजूत आपल्या मनात सहज रुजते. ती अर्धसत्य असून डेंग्यूच्या बाबतीत घातक ठरते.

सर्व मशकांना एकच जल मानवत नाही. हत्तीरोगाचा प्रसार करणारा क्युलेक्स गटारे, सेप्टिक टँक अशा मलयुक्त, साचलेल्या पाण्यात वाढतो. हिवतापवाहक ॲनॉफिलीस बहुधा स्वच्छ पाण्यात वाढतो. शहरांत तो विहिरी व गच्चीवरील उघड्या टाक्यांत आढळतो. डेंग्यू व चिकुनगुन्या पसरविणारा एडिस इजिप्ती तर घरातील साठवणीच्या पाण्याचाच रहिवासी होय. त्याची मादी पाण्याच्या पातळीलगत, भांड्याच्या ओलसर भिंतीवर अंडी घालते. ही अंडी कोरड्या अवस्थेतही कित्येक महिने टिकतात व पाणी चढताच त्यांतून अळ्या बाहेर पडतात. म्हणून पिंप नुसते रिकामे करणे पुरेसे नाही. त्याची आतील बाजू घासणे आवश्यक आहे.

उष्ण हवामानात अंड्यापासून डास होण्यास साधारणतः ७ ते १० दिवस लागतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्याचा आग्रह यासाठीच आहे. अळ्यांची ओळखही सोपी आहे : ॲनॉफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागास समांतर राहते, क्युलेक्स व एडिसच्या अळ्या डोके खाली करून लोंबतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या औषधालयातील मदतनिसास डेंग्यू झाला. मी तत्काळ रस्त्यावरील गटाराला दोष दिला. प्रत्यक्षात अळ्या सापडल्या त्या बाटल्या धुण्यासाठी मीच भरून ठेवविलेल्या, निर्मळ दिसणाऱ्या पाण्याच्या पिंपात! तेव्हापासून पिंपावर घट्ट झाकण असते. कूलर, फ्रिजमागील तबक, कुंड्यांखालील बश्या व अंगणातील रिकाम्या बरण्या यांचीही दर आठवड्यास तपासणी होते.

औषधनिर्माते व चिकित्सक बंधु-भगिनींनी आपल्या वास्तूपासूनच आरंभ करावा. तापाच्या रुग्णास ‘नळाला पाणी किती दिवसांआड येते, ते कशात साठविता?’ हेही अवश्य विचारावे. जेथे पाणी दुर्मीळ, तेथे साठवण अधिक. तेथे पाणी फेकण्याचा नव्हे, झाकण्याचा उपदेश उपयोगी पडतो. निदानपरिवर्जन हीच चिकित्सेची पहिली पायरी होय.