झोपेत दात खाणे : ऐकणाऱ्याने सांगावे

रात्रीच्या निवांत वेळी शेजारच्या खाटेवरून करकर असा आवाज येतो आणि जवळच्या माणसाची झोप मोडते. दात खाणाऱ्याला मात्र सकाळी त्यातले काहीच आठवत नाही. म्हणूनच, वाचकहो, या त्रासाचा पहिला साक्षीदार रुग्ण नसून त्याचा सोबती असतो.

दात खाणे म्हणजे पोटात जंत, हा समज जुना आहे. पण तेवढ्यावरून वडीलधाऱ्यांना जंताचे औषध देऊ नये. झोप मधूनच उथळ होते, तेव्हा जबड्याचे स्नायू आवळले जातात. मानसिक ताण, सायंकाळनंतरची कॉफी, तंबाखू व मद्य यांनी हा त्रास वाढतो. नैराश्यावरील काही औषधांमुळेही तो उद्भवतो. नवे औषध सुरू झाल्यावर दात वाजू लागले असतील, तर डॉक्टरांना तसे सांगावे. औषध परस्पर बंद करू नये. सोबत मोठे घोरणे आणि मध्येच श्वास अडखळणे असेल, तर झोपेतील श्वसनविकाराची तपासणी आवश्यक ठरते.

उतारवयात उरलेल्या मोजक्या दातांवरच सारा भार पडतो. दात झिजतात, कॅप निखळते, जेवण नकोसे होते. सकाळी कानशिले ठणकणे, जबडा आखडणे, थंड पाणी दातांना झोंबणे ही लक्षणे ओळखावीत. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती दुखणे बोलून दाखवू शकत नाही; तिचा हात वारंवार गालाकडे जातो का, ती चावण्याचे टाळते का, हे आपणच पाहावे.

दंतवैद्य मापाप्रमाणे नाइट गार्ड करून देतात. त्याने सवय सुटत नाही, पण दात वाचतात. तो थंड पाण्याने धुवावा. गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी. झोपण्यापूर्वी जबड्याला कोमट शेक द्यावा. दिवसा ओठ मिटलेले, पण दात एकमेकांपासून सुटे ठेवण्याचा सराव करावा.

आठवडाभर आवाज कधी येतो, घोरणे किती असते, कोणती औषधे चालू आहेत, याची वहीत नोंद ठेवा. दवाखान्यात जाताना ती वही न्या. आणि ज्याने आवाज ऐकला, त्यालाही सोबत न्या.