अंगणावरील छप्पर आणि वणव्याची ठिणगी

८ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तर भागात वणवा पेटला आणि काही तासांतच पॅराडाइज नावाचे गाव बेचिराख झाले. त्या आगीत ८५ माणसे प्राणांस मुकली व १८,००० हून अधिक इमारती नष्ट झाल्या. पुढे जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिसरात दोन मोठ्या वणव्यांनी १६,००० हून अधिक इमारतींचा ग्रास घेतला. त्या राज्यात आज अनेक मराठी कुटुंबेही स्थायिक झाली आहेत. तेव्हा वणव्यापासून घर कसे राखावे, हा प्रश्न मराठी वाचकाला सर्वस्वी परका नाही.

ज्वालांची भिंत चाल करून येते आणि घर पेटते, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात पुष्कळ घरे पेटतात ती ठिणग्यांनी. सोसाट्याच्या वाऱ्याबरोबर जळते निखारे मैल-मैल पुढे उडत जातात आणि जेथे वाळका पाचोळा साचतो, तेथेच तेही साचतात. कॅलिफोर्नियातील घरांमागे फरसबंद अंगण असते व उन्हापासून निवारा म्हणून त्यावर घराच्या भिंतीला जोडून छप्पर घालतात. या छपराने पेट घेतला, तर आग थेट वळचणीखाली शिरते. म्हणजे सावलीसाठी उभारलेली वस्तू आगीचा पूल बनते. म्हणूनच छपरासाठी कोणता पदार्थ निवडावा, यास महत्त्व आहे.

लाकडी पट्ट्यांची जाळी दिसावयास सुरेख, परंतु धोक्याची. चुलीत ओंडका सावकाश धरतो, काटक्या मात्र क्षणात भडकतात. पातळ पट्ट्यांचा गुण काटक्यांचाच. उलट, जाड तुळई बाहेरून कोळशासारखी होते व तो थरच आतील लाकडाला काही काळ सांभाळतो. आग लवकर न धरणारी रसायने दाबाखाली मुरवलेले लाकूडही मिळते. मात्र ते उघड्या हवेसाठीच तयार केलेले हवे, एरवी पावसाने रसायन धुऊन जाते. वेत, बांबू आणि गवताचे छप्पर तर अशा प्रदेशात वर्ज्यच मानावे. ताणून बसविलेल्या कापडाला निखारा भोक पाडतो. प्लॅस्टिकचे पत्रे उष्णतेने मऊ पडून लोंबतात, त्यांतील काही जळत ठिबकतात.

धातूचे पत्रे पेटत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. ॲल्युमिनियम हलके असते व गंजून झिजत नाही. तथापि ते सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते. निखाऱ्यांपुढे ते टिकते, पण शेजारचे घरच पेटले तर त्याचा भरवसा नाही. जस्ताचा मुलामा दिलेले पोलाद याहून कितीतरी अधिक उष्णता सोसते. मात्र तेही वितळण्यापूर्वीच मऊ होऊन वाकते. दोन पत्र्यांमध्ये फेस भरलेल्या फळ्या ऊन अडवितात, पण तो फेस बहुधा प्लॅस्टिकचा असल्याने त्यांच्या कडा धातूच्या पट्टीने बंद करणे अगत्याचे असते. भाजलेल्या मातीची कौले जळत नाहीत. परंतु कडेच्या कौलांखालील पोकळीत पक्षी घरटी करतात, आणि ती वाळकी काडी निखाऱ्याची वाटच पाहत असते. ही तोंडे चुन्यासिमेंटने बुजविली पाहिजेत.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. उत्तम पदार्थ निवडला म्हणजे काम संपले, असे नव्हे. छप्पर भिंतीला मिळते तेथील सांधा पत्र्याने झाकलेला असावा, पन्हळीतील पाला वरचेवर काढावा आणि छपराखाली गाद्यागिरद्या, सरपण वा वेली ठेवू नयेत. लोखंडी छपराखाली कापसाची गादी पेटली, तर लोखंडाचा उपयोग तो काय?

कॅलिफोर्नियाने २००८ पासून वणव्याच्या टापूतील नव्या घरांसाठी बांधकामाचे स्वतंत्र नियम लागू केले. घराभोवतीचा पहिला पाच फुटांचा पट्टा ज्वलनशील वस्तूंपासून मोकळा राहावा, या दिशेने २०२० मध्ये कायदाही झाला. परंतु जुनी घरे असंख्य आहेत व तेथे निर्णय घरमालकाच्याच हाती असतो. तो निर्णय केवळ त्याच्यापुरता नसतो. एक घर पेटले की त्याचे निखारे शेजारच्या घरावर पडतात. आणि एक घर न पेटले, तर आगीची साखळी तेथे तुटण्याचा संभव असतो.