स्टीमचा आकडा म्हणजे खप नव्हे

गैरसमज : पीसी गेमच्या स्टीम या ऑनलाइन दुकानावर गर्दी नाही, म्हणजे गेम आपटला.

नवा आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम) आला की दोन दिवसांत स्टीमवरच्या खेळाडूसंख्येच्या आलेखाचा स्क्रीनशॉट फिरू लागतो आणि 'फ्लॉप' असा निकालही लागतो. दर वेळी तेच!

वस्तुस्थिती : एका क्षणी किती जणांनी गेम सुरू ठेवला आहे, एवढंच आलेखातला आकडा सांगतो. दुपारी चारला वाचनालयात किती जण बसलेत यावरून पुस्तकाचा खप कोणी ठरवत नाही. शिवाय हा आकडा फक्त स्टीमचा. प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवाले त्यात धरलेलेच नसतात. 'फायनल फँटसी १६' जून २०२३ मध्ये फक्त प्लेस्टेशन ५ वर आला. आठवड्याभरात ३० लाख प्रतींचा टप्पा गाठल्याचं त्याची कंपनी स्क्वेअर एनिक्सनं जाहीर केलं. त्यात डिजिटल विक्रीबरोबर दुकानांकडे रवाना झालेल्या डिस्कही धरल्या होत्या. स्टीमवर मात्र तो सप्टेंबर २०२४ पर्यंत नव्हताच. मग आलेख दाखवणार काय?

'महिन्याभरात सगळे पळाले' हेही तसंच. एकट्यानं खेळायच्या आरपीजीची कथा कधीतरी संपते आणि खेळणारा दुसऱ्या गेमकडे वळतो. त्यानं पैसे आधीच मोजलेले असतात.

आकडा निरुपयोगी नाही. 'बाल्डर्स गेट ३'नं ऑगस्ट २०२३ मध्ये पावणेनऊ लाखांचा उच्चांक गाठला, तेव्हा यश उघडच होतं. पण मोठा आकडा यश दाखवतो, म्हणून लहान आकडा अपयश सिद्ध करत नाही.

आणखी काही गैरसमज

*दहा लाख प्रती खपल्या की कंपनी तरली.* 'किंग्डम्स ऑफ अमालुर' (२०१२) ९० दिवसांत १२ लाख खपला, तरी त्यामागच्या ३८ स्टुडिओज कंपनीचं त्याच वर्षी दिवाळं निघालं. खर्च भरून निघायला ३० लाख प्रती खपायला हव्या होत्या, असं कंपनीला कर्जहमी देणाऱ्या रोड आयलंड राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर लिंकन चेफी म्हणाले होते.

*जितके खेळाडू, तितके ग्राहक.* 'स्टारफील्ड'च्या एक कोटी खेळाडूंमध्ये 'गेम पास' या मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीसेवेतून खेळणारेही होते.

*किंमत गुणिले प्रती, म्हणजे कंपनीची कमाई.* स्टीम सुरुवातीला ३० टक्के कापून घेतं. कर, सवलती आणि परत केलेले पैसे वेगळेच.

'ड्रॅगन एज : द व्हेलगार्ड' कमी पडला हे ठरलं ते त्याची प्रकाशक कंपनी ईएच्या जानेवारी २०२५ च्या निवेदनावरून : तिमाहीत सुमारे १५ लाख खेळाडू, अपेक्षेपेक्षा जवळपास ५० टक्क्यांनी कमी. खर्च किती, अपेक्षा किती, आकडा विक्रीचा की खेळाडूंचा, हे विचारल्याशिवाय कित्येकांच्या वर्षानुवर्षांच्या मेहनतीवर 'फ्लॉप'चा शिक्का मारू नये.