चादर कानानं निवडताना

सोलापुरी चादरीवरची नक्षी जेकार्ड मागावर उतरते. मागाच्या वरच्या बाजूला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते. उभ्या धाग्यांपैकी कुठले उचलायचे आणि कुठले नाहीत, एवढंच एकेक कार्ड मागाला सांगतं. वेबसाइटचंही तसंच. पडद्यावर दिसतं ते कापड. मागच्या कोडमध्ये ‘हे शीर्षक’, ‘हे बटण’, ‘हे चित्र’ अशा नोंदी असतात. दृष्टिहीन ग्राहकाचा स्क्रीन रीडर या नोंदी मोठ्यानं वाचून दाखवतो. नोंदच नसेल, तर त्याच्यापुरती ती वस्तू दुकानात नाही.

चादरी-टॉवेल विकणारी एखादी साइट उघडा आणि अँड्रॉइड मोबाइलवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर सुरू करा. विंडोजचा संगणक असेल तर तेच काम करणारं एनव्हीडीए मोफत मिळतं. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणानं २००६ मध्ये ते लिहायला घेतलं. साइट निष्काळजीपणे केलेली असेल, तर कानावर फोटोच्या फाइलचे आकडे पडतात आणि पुढं नुसतंच ‘बटण, बटण’. कुठलं बटण खरेदीचं, कुठलं रद्द करायचं, कळायला मार्ग नाही. फोटोमागं ‘डबल बेड, सुती, मरून रंगावर पांढरी फुलं’ एवढा पर्यायी मजकूर लिहायला अर्धा मिनिटही लागत नाही.

आपल्या मराठी साइटांची एक खास खोड आहे. दरपत्रक जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप करून तसंच चढवलं जातं. दिसायला ती देवनागरी. आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली. डोळ्यांना ‘चादर’ दिसते आणि स्क्रीन रीडर कंस, स्वल्पविराम, भलतीच अक्षरं वाचत सुटतो. (ही चादर शोधयंत्रालाही सापडत नाही, म्हणजे नुकसान मालकाचंच.) मजकूर युनिकोडमध्ये असला, तरी पानाची भाषा मराठी असल्याची नोंद कोडमध्ये हवी; नाहीतर इंग्रजी आवाज मराठी शब्दांची वाट लावतो. एनव्हीडीएसोबत येणारा ईस्पीक हा कृत्रिम आवाज मराठी बोलतो. तो यांत्रिक आहे, पण समजतो.

अडचण फक्त दृष्टिहीनांची नाही. हात थरथरणाऱ्याला माउस धरवत नाही. त्याला सगळं काम कीबोर्डवर करता आलं पाहिजे. नजर अधू असलेल्याला पांढऱ्यावरची फिकट करडी अक्षरं वाचता येत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजेडाचं प्रमाण साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ असावं, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे.

‘एक बटण बसवा, साइट सर्वांसाठी खुली’ अशा जाहिरातींना भुलू नका. असे दावे केल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२५ मध्ये ॲक्सेसिबी या कंपनीला दहा लाख डॉलर भरायला लावले.

आपल्याकडं २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून दाखवता येत नव्हती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला.

तेव्हा साइट करून देणाऱ्याचं बिल चुकवण्याआधी माउस बाजूला ठेवा. फक्त कीबोर्डच्या जोरावर आपल्याच साइटवरून एक चादर मागवून पाहा. मध्येच अडलात, तर बिल थांबवा.