खोडरबर बाजूला ठेवा

आपल्या पाड्यांवरील संध्याकाळच्या अभ्यासवर्गांत आठवीची मुले एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करत आहेत. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मिळतात. ज्या घरातले मूल शाळा सोडून वीटभट्टीवर जाण्याची भीती असते, त्या घराला हा मोठा आधार आहे. मुलांची खरी अडचण गणितात येते. म्हणून सरावाची आपली पद्धत येथे थोडक्यात सांगत आहोत.

पहिले उदाहरण बीजगणिताचे. आईने भाजीच्या काही जुड्या 20 रुपयांना एक याप्रमाणे विकल्या. गाडीभाड्याचे 40 रुपये वजा जाता 260 रुपये घरी आले. तर जुड्या किती? समीकरण झाले 20x − 40 = 260. अनेक मुले 260 मधून 40 वजा करतात आणि 11 हे उत्तर काढतात. भागाकार पूर्ण जातो, त्यामुळे शंकाही येत नाही. अशा वेळी ताई-दादांनी "चूक" म्हणू नये. "11 जुड्या विकून बघ," एवढेच म्हणावे. 11 जुड्यांचे 220 रुपये, भाडे जाऊन उरले 180. मग मूल स्वतःच म्हणते, भाडे तर आधीच गेले आहे, ते परत मिळवायला हवे. 260 + 40 = 300, म्हणून जुड्या 15. "बाजू बदलली की चिन्ह बदलते" हा पाठ केलेला नियम आता समजलेला असतो.

दुसरे उदाहरण संख्यांचे. 243 ला 9 ने भाग जातो का? अंकांची बेरीज 9 येते, म्हणून जातो, हे मुलांना पाठ असते. पण का? चिंचोके घ्या. शंभराच्या ढिगातून 99 काढले की 1 उरतो, दहाच्या ढिगातून 9 काढले की 1 उरतो. म्हणून दोन शंभरांतून 2, चार दहांतून 4 आणि सुटे 3 असे मिळून 9 उरतात. काढलेल्या सगळ्या चिंचोक्यांचे नऊ-नऊचे गट पडतात, उरलेल्यांचाही एक गट पडतो.

तिसरे भूमितीचे. घराचा पाया आखताना गवंडी एका बाजूला 3 फूट, दुसऱ्या बाजूला 4 फूट मोजतो आणि तिरपे अंतर 5 फूट भरते का ते पाहतो. भरले तर कोपरा काटकोनात आहे, कारण 9 + 16 = 25. मुलांना दोरी देऊन अंगणात हे करू द्या. मग पायथागोरसचा सिद्धांत पुस्तकापुरता राहत नाही.

तिन्ही ठिकाणी सूत्र एकच आहे. उत्तर आले की ते पडताळून पाहायचे, आणि चुकलेली पायरी खोडायची नाही. तिच्यावर एक रेघ मारून शेजारी कारण लिहायचे. परीक्षेत चार पर्याय असतात, आणि 11 सारखे फसवे उत्तर त्यांत असू शकते. आपली नेहमीची चूक ओळखणारे मूल तिथे फसत नाही.

आठवड्यातून एक संध्याकाळ देऊ शकणाऱ्या वाचकांनी जरूर यावे. गणितात हुशार असण्याची अट नाही. मुलाच्या शेजारी बसून "हे कसं केलंस?" एवढे विचारता आले तरी पुष्कळ आहे.