पशुवैद्यकीय प्रवेश : दुसऱ्या प्रयत्नाचा विचार

गावात गाय अडली, म्हैस फुगली किंवा शेळ्यांमध्ये साथ शिरली की पहिली चौकशी होते ती पशुवैद्यकाची. 2019 च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे 3 कोटी 30 लाख पशुधन आहे. दर पाच हजार पशुघटकांमागे एक पशुवैद्यक असावा, अशी शिफारस राष्ट्रीय कृषी आयोगाने 1976 मध्येच केली होती. 2022 साली लम्पी त्वचारोगाची साथ आली, तेव्हा लसीकरणाच्या कामात आंतरवासिता करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही सामील करून घ्यावे लागले. गोठ्यात वाढलेल्या मुलामुलींना या व्यवसायाचे आकर्षण वाटावे, हे त्यामुळे स्वाभाविकच होय. मात्र प्रवेशाच्या जागा मोजक्या असल्याने पहिल्या प्रयत्नात यश न मिळालेल्या विद्यार्थ्यांची संख्या मोठी असते. पुढील वर्ष कोणत्या अभ्यासासाठी खर्च करावयाचे, या प्रश्नाचे उत्तर अशा घरांत बहुधा अंदाजानेच ठरते. तो अंदाज चुकला, तर कुटुंबाचे एक वर्ष आणि पदरचा पैसा दोन्ही वाया जातात.

राज्यातील पशुवैद्यकीय पदवीचे शिक्षण 2000 साली स्थापन झालेल्या, नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अधिपत्याखाली चालते. मुंबई (1886), नागपूर (1958), परभणी (1972), उदगीर (1987) आणि शिरवळ (1988) येथील महाविद्यालये या विद्यापीठाचे घटक आहेत. आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा हा अभ्यासक्रम भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या नियमांनुसार शिकविला जातो. पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून परिषद भरते. उर्वरित जागांची प्रवेशप्रक्रिया राज्यात होते. दोन्हींसाठी अर्ज वेगवेगळे करावे लागतात. वैद्यकीय अभ्यासक्रमासाठी केलेल्या अर्जात पशुवैद्यकीय अर्ज आपोआप अंतर्भूत होत नाही, ही गोष्ट लक्षात न आल्याने चांगले गुण असूनही यादीबाहेर राहण्याची पाळी येऊ शकते.

पात्रता आणि गुणवत्ता या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि सारा घोटाळा येथेच होतो. बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी या विषयांत मिळून खुल्या प्रवर्गासाठी किमान 50 टक्के गुण असावे लागतात. आरक्षित प्रवर्गांना त्यात सवलत आहे. वयाची 17 वर्षे प्रवेशवर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत पूर्ण व्हावी लागतात. ही झाली पात्रता. गुणवत्ता यादीतील क्रम मात्र 'नीट' या राष्ट्रीय परीक्षेतील गुणांवरून लागतो. बारावीचे गुण 62 वरून 78 टक्क्यांवर नेले तरी यादीतील क्रम एका पायरीनेही वर सरकत नाही. तरीही, 'बारावी पुन्हा दे, गुण वाढव', असा सल्ला अनेक ठिकाणी वडीलधारे आणि कधी कधी शिक्षकही देतात. हेतू चांगला असला, तरी हा सल्ला केवळ पात्रतेच्या रेषेखाली राहिलेल्या विद्यार्थ्यालाच उपयोगी आहे.

अशा विद्यार्थ्यासाठी राज्य शिक्षण मंडळाची श्रेणीसुधार योजना आहे. एकाच वेळी सर्व विषय घेऊन उत्तीर्ण झालेल्यास लगतच्या तीन परीक्षांत पुन्हा बसता येते. अशा विद्यार्थ्याने गुणपत्रिका हाती येताच या चार विषयांची बेरीज स्वतः करून पाहावी. इंग्रजीचे गुण या बेरजेत धरले जातात, हे विसरून केवळ विज्ञानाच्या गुणांवर समाधान मानल्याने पुढे निराशा पदरी येते.

ज्यांची पात्रता झाली आहे आणि केवळ क्रम खाली आला आहे, त्यांनी पुन्हा देण्याची परीक्षा 'नीट' हीच होय. तिला किती वेळा बसावे यावर बंधन नाही. वयाची कमाल मर्यादाही 2022 मध्ये रद्द करण्यात आली. दुसऱ्यांदा बसणाऱ्याचे गुण कापले जात नाहीत. परंतु मागील वर्षाचे गुण पुढील वर्षीच्या प्रवेशाला चालतही नाहीत, म्हणून प्रत्येक प्रयत्न शून्यापासून सुरू होतो.

अभ्यास नेमका कशाचा उजळावा, हे प्रश्नपत्रिकेच्या रचनेवरून ठरविता येते. 180 प्रश्न, 720 गुण. त्यांपैकी 90 प्रश्न जीवशास्त्राचे आणि प्रत्येकी 45 भौतिक व रसायनशास्त्राचे. अचूक उत्तरास चार गुण, चुकीच्या उत्तरास एक गुण वजा. म्हणजे निम्मे गुण जीवशास्त्राकडे आहेत. पाठांतराने जीवशास्त्राची बाजू सांभाळणारा ग्रामीण विद्यार्थी भौतिकशास्त्रात मागे पडतो, असे अनेक शिक्षक सांगतात. भौतिकशास्त्राच्या 45 प्रश्नांपैकी 20 बरोबर व 20 चूक आल्यास 60 गुण होतात. तेच 20 बरोबर ठेवून चुकलेले प्रश्न सोडून दिले असते तर 80 झाले असते. यादीत वीस गुणांचा फरक मोठा असतो. अर्थात, चार पर्यायांपैकी दोन निश्चितपणे बाद करता आले तर उत्तर देण्यात तोटा नाही. ही निवड सरावानेच जमते.

दुसरी उणीव अकरावीची. मंडळाची परीक्षा बारावीच्या अभ्यासक्रमावर होते, म्हणून अकरावीचे वर्ष बऱ्याच महाविद्यालयांत सैल जाते. 'नीट' मात्र दोन्ही वर्षांवर प्रश्न विचारते. पुन्हा बसणाऱ्याने बारावीची वही पुन्हा उघडण्याआधी अकरावीतील गतीचे नियम, रासायनिक बंध आणि शरीरक्रियाशास्त्र यांवर पहिले तीन महिने द्यावेत, हे अधिक फलदायी ठरते. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. मात्र भाषांतराबाबत संदिग्धता निर्माण झाल्यास इंग्रजी पाठ प्रमाण मानला जातो. इंग्रजी पारिभाषिक शब्दांची ओळख त्यामुळे टाळता येण्यासारखी नाही.

मधल्या वर्षाची दुसरी बाजू कागदपत्रांची आहे, आणि येथे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक प्रत्यक्ष मदत करू शकतात. अधिवास प्रमाणपत्र, उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र ऐन प्रवेशाच्या वेळी मिळविण्याची धावपळ सर्वांच्या परिचयाची आहे. जात पडताळणीचा प्रस्ताव विज्ञान शाखेत शिकत असतानाच महाविद्यालयामार्फत जिल्हा समितीकडे पाठविणे सोयीचे असते. ते राहून गेले असल्यास, पुन्हा बसण्याच्या वर्षात ते काम प्रथम हाती घ्यावे.

मुलींच्या बाबतीत 'एक वर्ष थांबणे' याचा अर्थ पुष्कळ घरांत वेगळाच लावला जातो, आणि अभ्यासाऐवजी स्थळे पाहणे सुरू होते. अशा पालकांशी बोलताना शाळेच्या मुख्याध्यापकांनी एक शासननिर्णयही सोबत न्यावा : जुलै 2024 च्या निर्णयानुसार वार्षिक 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत देण्यात आली आहे.

थांबणे परवडत नसेल, तर जवळच्या महाविद्यालयात विज्ञान पदवीच्या प्रथम वर्षास नाव घालून तयारी करणारेही आहेत. त्यात सुरक्षितता आहे, पण उपस्थिती आणि सत्र परीक्षा यांत अभ्यासाचे तास विभागले जातात. दोन प्रयत्नांनंतरही क्रम फारसा हलला नाही, तर दुग्धव्यवसाय व पशुसंवर्धन या विषयांतील पदविकेची चौकशी वेळेत करावी. पदविकाधारक पशुवैद्यक ठरत नाही, मात्र गोठ्याशी असलेला संबंध त्यातून टिकतो.